मोठ्या पेटीतला ‘आ’

विलासदादा गेल्याची बातमी मला ऑफिसात, जेवणाचा डबा उघडता उघडता कळली. त्यांच्या मुलीचा, पूजाचा, मोबाइलवर मेसेज आला होता. इंग्रजीत, एका ओळीचा. सकाळी ड्युटीवरून आले, आंघोळ केली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच गेले... ही हकिकत नंतर समजली. मेसेज वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. ते लपवलं तर पुढचं काही खरं वाटणार नाही. मला रडू आलं नाही. वहिनींचं आता कसं होणार, हेही मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की त्यांच्या कीबोर्डमधल्या माझ्या आवाजाचं आता काय होणार?

माझा स्वभाव मूळचाच संशयी. कुलूप लावून दोन जिने उतरल्यावर परत वर जाऊन ते ओढून बघणारी मी. भाजीवाल्यानं आपणहून जास्त कोथिंबीर घातली, तर खालची टमाटी नासकी असणार असं धरून चालणारी. घरातले हसतात, पण बहुतेक वेळा टमाटी नासकीच निघतात. विलासदादांवरचा माझा संशय मात्र नऊ वर्षं टिकला. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर ‘बरं आहे ना?’, ‘बरं आहे’, एवढंच आमचं बोलणं उरलं होतं. त्याआधीची पाच वर्षं मी त्यांच्या पार्टीत गात होते, त्यांना राखी बांधत होते, हे आता सांगूनही कुणाला पटायचं नाही.

ते नांदेडकडचे, आम्ही परभणीकडचे. दोन्ही घरं आमच्या जन्माआधीच हैदराबादेत आलेली. दादा वीज खात्यात सबस्टेशनवर ऑपरेटर होते आणि ड्युटीतून वेळ काढून गाण्याची पार्टी चालवायचे. एप्रिलातली जयंती, बुद्धपौर्णिमा, मराठी मंडळाचे कार्यक्रम, कुणाच्या घरचं बारसं. तारनाक्याला आमच्या रेल्वे ऑफिसात जयंतीचा कार्यक्रम होता, त्यांची कोरस गाणारी बाई आयत्या वेळी आली नाही आणि कुणीतरी मला पुढे ढकललं. कार्यक्रम संपल्यावर दादा वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “आवाज पातळ आहे, पण कुठं फाटत नाही. येत जा.” एवढ्या एका वाक्यावर मी पाच वर्षं मलकपेठेच्या त्यांच्या वरच्या मजल्यावर रियाजाला जात राहिले.

त्या घरातली मागची खोली म्हणजे त्यांचं राज्य. तिथे त्यांचा कीबोर्ड होता, वर्कस्टेशन म्हणतात त्या जातीचा. स्वतःचे आवाज रेकॉर्ड करता येतात, कापता येतात, जोडता येतात आणि पट्ट्यांवर बसवता येतात असा. दादा त्याला ‘मोठी पेटी’ म्हणायचे. हार्मोनियम ती लहान पेटी. त्या मोठ्या पेटीत त्यांनी काय काय भरलं होतं! नांदेडच्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याची हलगी, कुणाची ढोलकी, कुणाचा चौंडका. एकदा इराणी हॉटेलात चहा घेताना त्यांनी खिशातला छोटा रेकॉर्डर काढला आणि चमच्यानं एकेक कप वाजवून बघायला लागले. वेटर धावत आला. “क्या करते चचा, कप फूट जाता!” दादांनी त्याला हसून आणखी एक उस्मानिया बिस्किट सांगितलं आणि तो वळला तेवढ्यात पुढचा कप वाजवला. पुढच्या महिन्यात आमच्या एका गाण्यात मंजिरीच्या टाळांच्या जागी तो कप वाजत होता. मलाही तेव्हा गंमत वाटली. पण हेही डोक्यात नोंदवलं गेलं, की या माणसाला एखादा आवाज आवडला की तो विचारत बसत नाही, घेऊन टाकतो.

माझा मात्र त्यांनी विचारून घेतला. “तू कधी आजारी पडलीस तर निदान मागचा आ तरी पाहिजे,” असं म्हणाले. एका रविवारी दुपारी खिडकीला वाकळ लावली, पंखा बंद, फ्रिज बंद. मे महिना. घामानं पदर भिजलेला आणि मी माइकसमोर उभी. “सरळ आ लाव. मुरकी-बिरकी नक्को,” ते सांगायचे. मी आ लावला की नेमकी खालून भाजीची गाडी जायची, नाहीतर मलकपेठ स्टेशनात गाडी शिरायची. दादा हात वर करायचे आणि आम्ही सगळं शांत व्हायची वाट बघत बसायचो. मग ते पडद्यावर मला माझाच आवाज दाखवायचे, लहान-मोठ्या टेकड्यांची एक रांग. तिचा मधला सपाट तुकडा ते असा काही गोलाकार जोडायचे, की पट्टी दाबून धरावी तितका वेळ आ चालू राहायचा. सांधा कुठे आहे ते मलासुद्धा ऐकू यायचं नाही. गंमत म्हणून त्यांनी माझा एकच सूर सगळ्या पट्ट्यांवर पसरून दाखवला. खाली गेलं की माझा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा जाड व्हायचा, वर गेलं की शाळकरी पोरीसारखा बारीक. “म्हणून दर चार पट्ट्यांना नवीन आ घ्यावा लागतो, नाहीतर माणूस बदलतं,” ते म्हणाले. शोभावहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी माझ्या आईचं ऑपरेशन निघालं आणि जयंतीचा एक कार्यक्रम मला चुकवावा लागला. दोन दिवसांनी ऑफिसात एक बाई म्हणाल्या, “परवा काय छान गायलात हो!” मी परवा दवाखान्याच्या बाकड्यावर बसले होते. माझा तीळपापड झाला. आजारी पडलीस तर, असं त्यांनी सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं, सगळं खरं. पण मी नसताना मी तिथे होते, कुणाला माझी उणीव भासली नव्हती आणि मला कुणी साधा फोनही केला नव्हता. दादांना फोन लावला आणि म्हटलं, “माझा आवाज काढून टाका.” “बरं,” म्हणाले. “आज काढतो.” इतक्या सहज कबूल झाले की तिथेच पाल चुकचुकली.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला मी गेले, पण गायला नाही. हॉलमध्ये मागच्या खांबाला टेकून उभी राहिले. तिसऱ्या गाण्यात तो आ आला. तोच पातळ, सरळ, मुरकी नसलेला. स्वतःचा आवाज आपल्याला कळत नाही का? मी स्टेजमागे गेले. दादा वायरी गुंडाळत होते, वहिनी जेवणाचा डबा घेऊन तीन पावलांवर उभ्या होत्या. मी विचारलं, “काढला होता ना तुम्ही?”

“काढला.”

“मग आत्ता वाजला तो?”

“तो तुझा नाही, संध्या.”

“मग कुणाचा?”

दादांनी वायर परत उलगडली आणि परत गुंडाळायला घेतली. वर बघितलंच नाही. चोर सापडला की नजर चुकवतो, एवढं मला त्या क्षणी पुरेसं होतं. मी निघून आले, ती परत त्या खोलीत गेले नाही. कुठे त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम आहे असं कळलं की कान उभे राहायचे. ओळखीच्यांना विचारायचे, मागून बाईचा आ येतो का अजून? येतो, म्हणायचे. गायला मी दुसरीकडे कुठे गेले नाही. जो आवाज एका माणसानं डबीत भरून ठेवलाय तो आता आपण काय वापरायचा, असलं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आणि वहिनी कुठे भेटल्या की ओठ मुडपून हसायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. नवऱ्याची चोरी बायकोला ठाऊक आहे, असा अर्थ मी लावला.

दादांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या वंदनेला, गेले, मागे बसले, फोटोला हात जोडले. पुढे पंधरा दिवसांनी पूजाचा फोन आला. ती कुकटपल्लीला एका कंपनीत आहे, बोलते तेव्हा अर्धं इंग्रजी आणि अर्धं सगळं काही. “आत्या, पप्पांचा कीबोर्ड सेल करतोय. एक ऑर्केस्ट्रावाले संडेला बघायला येतायत. साउंड्ससकट पाहिजे म्हणतायत. तू एकदा चेक करशील? तेलियदु, मला त्यातलं काही कळत नाही.”

साउंड्ससकट! हा कोण ऑर्केस्ट्रावाला, त्याला आवाजांबद्दल कुणी सांगितलं, आणि यंत्र पाहिजे की आतलं पाहिजे... म्हणजे उद्या माझा गळा कुठल्या लग्नात, कुठल्या गाण्याला वाजेल याचा नेम नाही. मी पूजाला म्हटलं, “शनिवारी येते.” चेक करायला मी जाणार नव्हते. वहिनींचं लक्ष नसताना माझा आवाज पुसून टाकायला जाणार होते. मेलेल्या माणसाच्या घरी, महिनासुद्धा उलटला नव्हता, आणि मी मनात घोकत होते, कुठलं पान उघडायचं, कुठलं बटण दाबायचं.

वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “तू येणार हे मला माहीत होतं.” त्यांचा सूर मला आवडला नाही. मागच्या खोलीत नेलं, चहा आणून दिला. आता जातील म्हणून मी वाट बघत होते, तर त्या समोरच्या पलंगावर बसल्या. मांडीवर हात ठेवून, माझ्या बोटांकडे बघत. मी पेटी चालू केली. पडद्यावर यादी आली. हलगी, ढोलकी, चौंडका, इराणी कप. सगळी नावं इंग्रजी अक्षरांत, दादांच्या शिस्तीची. माझं नाव सापडेना. वरून खाली, खालून वर, तीनदा बघितलं. मग कोरसचा तो आवाजच उघडला आणि तो कशावर उभा आहे ते बघितलं. पाच तुकडे होते. ‘माइक टेस्ट’ एक ते पाच. मनात म्हटलं, वा रे दादा, नाव बदललं की चोरी लपते होय! मी वरची एक पट्टी दाबली. आ... तोच.

“हाच,” वहिनी म्हणाल्या. “हाच तुझा आवाज.”

“तुम्हालाही कळतो ना?” मी म्हटलं. मला साक्षीदार मिळाला होता.

वहिनी म्हणाल्या, “एक विचारते, खरं सांग. आता ते नाहीत, मी भांडणार नाही. तू जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं ते या खोलीत हेडफोन कानाला लावून तुझा आ ऐकत बसायचे, बाहेर बारीक ऐकू यायचा. मी दार उघडलं की बंद करायचे. तुमच्यात काय होतं?”

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या मला हे कधी सुचलंच नव्हतं, की कुणी माझ्यावरही घेत असेल. ते मुडपलेले ओठ... देवा. मी म्हटलं, “वहिनी, काही नव्हतं. या आवाजावरूनच तर मी भांडून गेले.” त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला पटलं नसतं, तर त्यांना का पटावं?

मग कधी घेतलाय हा आवाज, ते तरी बघू, म्हणून मी पहिला तुकडा कापायच्या पानावर उघडला. दादांनी तो मुळातून कापलेला नव्हता. सुरुवातीची खूण तेवढी पुढे सरकवून ठेवली होती. मागचं सगळं तसंच आत होतं. मी खूण ओढत ओढत अगदी आरंभाला नेली आणि ज्या सुराला तो घेतला होता ती पट्टी दाबून धरली. ती बरीच खालची होती, मी कधी गायले नाही इतकी.

आधी पंखा बंद झाल्याचा आवाज आला. मग दादांचा. “शोभा, आ म्हण. माइक बघतोय.”

“माझे हात पिठाचे आहेत.”

“हातानं म्हणायचंय का? एकदाच.”

आणि मग आ आला. जाड, खालचा, थोडा लाजलेला. मी कधीच न ऐकलेला.

मी वहिनींकडे बघितलं नाही. पट्टी तशीच दाबून होते आणि आ थांबत नव्हता. मग बोट उचललं. वहिनी म्हणाल्या, “ही... मी?” मी मान हलवली. त्या हळूहळू बोलायला लागल्या. त्या दिवशी पाच वेळा हाक मारली होती. माइक बिघडलाय म्हणाले होते. प्रत्येक वेळी आ म्हणायला लावलं, जरा वर, जरा खाली. पोळ्या राहिल्या म्हणून त्या चिडल्याही होत्या. शाळेत असताना बाईंनी प्रार्थनेच्या रांगेतून काढलं होतं, तुझा आवाज जाड आहे म्हणून. तेव्हापासून त्या कुणासमोर गायल्या नव्हत्या. सगळं माझ्यासमोर मांडल्यासारखं दिसलं. मी आवाज काढा म्हटलं, दादांनी त्याच दिवशी काढला, पुढचा कार्यक्रम तोंडावर होता, म्हणून बायकोचा खालचा आ घेतला आणि माझ्या जागेला बसावा म्हणून वरच्या पट्ट्यांवर नेला. तिथे तो पातळ झाला. माणूस बदललं. इतकं बदललं की वहिनींना स्वतःला कळलं नाही, आणि मला तो माझा वाटला. कानाचा मला केवढा गर्व! आणि मी कुणाचा, म्हणून विचारलं तेव्हा वहिनी तीन पावलांवर डबा घेऊन उभ्या होत्या. काय सांगणार होते दादा?

“मला विचारायला काय झालं होतं?” वहिनी म्हणाल्या.

“विचारलं असतं तर हो म्हटलं असतं तुम्ही?”

“नक्कोच म्हटलं असतं.” मग पदरानं पेटीवरची धूळ पुसत, “तरी विचारायचं होतं.”

बरोबर आहे त्यांचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असा रिवाज आहे, आणि विलासदादा फार चांगले होते; माझ्या पातळ गळ्याला त्यांनी पाच वर्षं मान दिला, तेवढा कुणी दिला नाही. पण ते विचारत नसत. मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. चोरी झाली होती खरी, फक्त माझ्या घरी नाही. आणि ज्या बाईचं चोरलं तिनं नऊ वर्षं स्वतःच्याच आवाजाचा मत्सर केला. हेडफोन लावून ते काय ऐकत असतील हे आता मला कळतं आणि त्यामुळेच जास्त राग येतो. एवढं आवडत होतं तर दार उघडल्यावर बंद का केलंत, दादा? एकदा म्हणायचं तरी होतं, की शोभा, हे बघ, ही तू आहेस... मला त्यांच्याशी भांडायचं आहे आणि ते नाहीत. त्यांची माफी मागायची आहे, तीही राहिली. हे सगळं मी वहिनींना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, “लिही. नाव पण लिही.”

पूजाचा फोन आला तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. ऑर्केस्ट्रावाल्यांना उद्या किती वाजता येऊ दे म्हणून ती विचारत होती. वहिनी म्हणाल्या, “नक्को येऊ दे त्यांना,” आणि फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, “ती सुरुवात लावून दे. आणि कुठलं दाबायचं ते दाखव.” मी पट्टी दाखवली. “आता तू जरा बाहेर बस.”

मी पुढच्या खोलीत जाऊन बसले. दार लोटलेलं होतं. आतून पंखा बंद झाल्याचा आवाज आला आणि मग दादांचा. “शोभा, आ म्हण. माइक बघतोय.”

वहिनी म्हणाल्या, “खोटं बोलू नका.”

पट्टी सोडल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळानं परत पंखा, परत दादा. “शोभा, आ म्हण. माइक बघतोय.”

“खोटं बोलू नका, म्हटलं ना.”

तिसऱ्यांदा त्यांनी काही म्हटलं नाही. पट्टी दाबून धरली. दोन आ एकदम सुरू झाले, एकाच पट्टीत, एकाच जाडीचे. कुठला पेटीतला आणि कुठला वहिनींचा, ते मी कान देऊन ओळखायचा प्रयत्न केला. मला ओळखता आलं नाही. मग त्यातला एक श्वास घ्यायला थांबला.